देस्त्रेची दोरी आणि पेत्राचे चौकोन

गेले काही महिने माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एकच आकडा लिहिलेला आहे: ४.२१४. भूमध्य समुद्रातील, आज स्पेनमध्ये असलेल्या मायोर्का बेटावर जमीन मोजण्यासाठी जे जुने माप वापरले जात असे, त्या देस्त्रेची ही मीटरमधील लांबी आहे. वीस देस्त्रे लांब आणि वीस देस्त्रे रुंद असा चौरस आखला की एक क्वार्तेरादा होते, म्हणजे सुमारे ७१०३ चौरस मीटर. त्याचे चार सारखे भाग केले की प्रत्येक भागाला क्वार्तो म्हणतात. हा हिशेब इतका साधा आहे की त्यावर कोणी लेख लिहावा असे मलाही आधी वाटले नव्हते. परंतु तेराव्या शतकात कॅटलन लोकांनी हे बेट जिंकल्यावर तिथे वस्ती कशी केली, गावे कशी आखली, हे वाचताना प्रत्येक वाट फिरून याच मापाशी येते, असे माझ्या लक्षात आले आणि मग तो आकडा वहीतून हलेना.

जिंकण्याचा भाग आधी थोडक्यात सांगून टाकतो, कारण तो सर्वांत जास्त सांगितला जातो आणि माझ्या मते त्यातून बेटाविषयी सर्वांत कमी कळते. आरागॉनचा राजा पहिला जाउमे सप्टेंबर १२२९ मध्ये सालोऊच्या किनाऱ्यावरून सुमारे दीडशे गलबते घेऊन निघाला, सांता पोन्सा येथे उतरला आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला त्याच्या सैन्याने बेटाची राजधानी मदीना मायुर्का, म्हणजे आजचे पाल्मा, हल्ला करून घेतली. राजा तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता. अल्मोहाद या मुस्लिम सत्तेचा तिथला वाली, म्हणजे सुभेदार, अबू याह्या पकडला गेला, शहरात मोठी कत्तल झाली आणि डोंगरात आश्रय घेतलेल्या लोकांचा प्रतिकार पुढची दोन वर्षे चालू राहिला. आजही पाल्मा शहरात ३१ डिसेंबरला राजाचे निशाण मिरवून त्या दिवसाची आठवण केली जाते, आणि त्या आठवणीचा सर्वांना सारखाच अभिमान वाटतो असे मात्र नाही.

मला त्यापेक्षा पुढचे तीन-चार महिने अधिक बोलके वाटतात. शहर पडल्यावर लुटीचा लिलाव सुरू झाला आणि तो ईस्टरपर्यंत रेंगाळला. राजाने स्वतःच्या आठवणींत सांगितले आहे की सरदार आणि सैनिक बोली लावून माल उचलत, पण तो आपल्याच वाट्याचा आहे अशा समजुतीने पैसे द्यायला कोणी तयार होत नसे, आणि शेवटी चिडलेल्या लोकांनी काही बड्या मंडळींच्या घरांत घुसून लूट केली. त्यातच साथ पसरली आणि कित्येक प्रमुख सरदार रोगाने गेले. ज्यांनी बेट घेतले त्यांना ते घेतल्यावर त्याचे काय करायचे, याची फारशी कल्पना नव्हती. हातात आलेले वाटून घ्यायचे, एवढेच काय ते ठरलेले होते.

वाटणीचा ठराव मात्र मोहीम निघण्याआधीच झाला होता. ज्याने जितकी माणसे आणि घोडे आणले, त्याला त्या प्रमाणात जमीन मिळायची होती. बेटाचा अर्धा भाग राजाकडे राहिला आणि उरलेला अर्धा नुनो सांच, एम्पुरीसचा काउंट, बेआर्नचा व्हायकाउंट आणि बार्सिलोनाचा बिशप अशा मोठ्या भागीदारांत विभागला गेला. राजाच्या भागातूनही टेम्पलर या लढाऊ संन्याशांच्या पंथाला आणि इतर अनेकांना हिस्से निघाले. ही सगळी वाटणी ज्या दस्तऐवजात नोंदली आहे तो १२३२ चा वाटणीग्रंथ लॅटिन, कॅटलन आणि अरबी अशा तीन भाषांत आहे. जिंकलेल्यांच्या भाषेत जिंकणाऱ्यांनी नोंद का ठेवावी, असा प्रश्न पडतो. माझा अंदाज असा की जमिनीची माहिती त्याच भाषेत होती: कोणती वाडी कुठे, तिचे नाव काय, तिथे किती औतांची जमीन आहे, हे सांगू शकणारी कागदपत्रे आणि माणसे अरबीच बोलत होती.

त्या वाटणीचे माप जोवादा होते. बैलांच्या जोडीला कसता येईल एवढी जमीन, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे मराठीत जमीन ‘औता’ने सांगतात तसाच प्रकार; मायोर्कात ती सोळा क्वार्तेराद्यांची, सुमारे सव्वाअकरा हेक्टरांची धरली जाई. जे वाटले गेले ते मोकळे रान नव्हते. आल्केरिया आणि राफाल अशा दोन प्रकारच्या वस्त्या ग्रंथात पानोपानी येतात आणि हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले आहेत: आल्केरिया म्हणजे काही घरांची वाडी, राफाल म्हणजे त्याहून लहान मळा. त्यांच्या नावांच्या सुरुवातीला वारंवार ‘बिनि’ येते, जे ‘बनू’, म्हणजे ‘अमक्याचे वंशज’, या शब्दाचे रूप आहे. बिनिसालेम, बिनियाली, बिनिबोना ही नावे आजही नकाशावर आहेत. ज्या कुळांवरून ती पडली त्यांतली माणसे मात्र मारली गेली, पळाली, गुलाम म्हणून विकली गेली किंवा नव्या मालकाच्या जमिनीवर राबत राहून दोन-तीन पिढ्यांत वेगळा समाज म्हणून नाहीशी झाली. नवी गावे आखण्याची जी गोष्ट मी पुढे सांगणार आहे, ती या रिकाम्या केलेल्या घरांवर उभी आहे, हे विसरून तिचे कौतुक करता येत नाही.

रिकाम्या घरांत माणसे आणणे हे वाटणीपेक्षा कितीतरी अवघड काम होते. १ मार्च १२३० रोजी राजाने वसाहतीची सनद दिली. तिने येणाऱ्यांना घरे आणि जागा दिल्या, व्यापारावरच्या अनेक जकाती माफ केल्या आणि मिळालेली मालमत्ता विकण्याची मोकळीक दिली, फक्त ती सरदारांना आणि धर्मसंस्थांना विकता येणार नाही अशी अट घातली. या अटीत राजाची धास्ती स्पष्ट दिसते. जमीन एकदा सरदाराच्या किंवा मठाच्या हाती गेली की ती राजाच्या हातून सुटते, हे त्याला मुख्य भूमीवरील अनुभवाने ठाऊक होते. लोक आले, तेही बरेचसे कॅटलोनियाच्या ईशान्य भागातून आणि आज दक्षिण फ्रान्समध्ये असलेल्या रुसियोंकडून. मायोर्काच्या बोलीत ‘एल’ आणि ‘ला’ ऐवजी ‘एस्’ आणि ‘सा’ ही उपपदे ऐकू येतात, ती एम्पोर्दाच्या किनाऱ्याकडच्या जुन्या बोलीची खूण मानली जातात. सा पोब्ला या गावाच्या नावातला ‘सा’ तोच, आणि ‘पोब्ला’ म्हणजे वस्ती. गावाचे नावच ‘वस्ती’ असावे, याची मला फार गंमत वाटते.

तरीही पुढची साठ-सत्तर वर्षे बेटाच्या मधल्या सपाट भागात गावे म्हणावीत अशी गावे थोडीच होती. १२४८ मध्ये पोप चौथ्या इनोसंटने दिलेल्या फर्मानात बेटावरील तीसहून अधिक चर्च-परगण्यांची यादी आहे, पण परगणा म्हणजे गाव नव्हे. माळावर एक चर्च उभे असायचे आणि त्याचे लोक दूरदूरच्या मळ्यांत विखुरलेले असायचे. बाकी लोकांचा ओढा शहराकडे आणि त्याच्या बंदराकडे होता. खाणारी तोंडे शहरात आणि पिकवणारे हात विखुरलेले, अशी ही स्थिती होती, आणि मायोर्काला धान्य नेहमीच कमी पडत असे.

मधल्या काळात राज्यही फुटले. पहिला जाउमे १२७६ मध्ये वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे मायोर्का, रुसियों, सेर्दान्या आणि माँपेलिए मिळून एक वेगळे राज्य धाकट्या मुलाकडे, दुसऱ्या जाउमेकडे, आले. आरागॉन ज्याच्याकडे राहिले त्या थोरल्या घराण्याला ही फाळणी पहिल्यापासून खुपत होती. १२७९ मध्ये धाकट्याला थोरल्याचे मांडलिकत्व मान्य करावे लागले, १२८५ मध्ये तर बेटच त्याच्या हातून हिसकावले गेले आणि आनान्यीच्या १२९५ च्या तहानंतर, १२९८ मध्ये, ते त्याला परत मिळाले. तोवर तो पंचावन्न वर्षांचा झाला होता. परत आलेल्या या राजाने उरलेल्या तेरा वर्षांत जे काही केले, त्यात घाई दिसते: स्वतःचे चलन पाडले, बेल्व्हरचा गोल किल्ला उभारायला घेतला, आल्मुदाइनाचा जुना अरबी राजवाडा नव्याने बांधायला घेतला आणि आपल्या थडग्यासाठी कॅथेड्रलच्या त्रिनितात चॅपेलचे काम सुरू केले. आपण राजे आहोत हे दगडांत आणि नाण्यांत दाखवण्याची धडपड त्यात आहेच, पण त्याने १३०० मध्ये काढलेला गावे वसवण्याचा हुकूम मला या सगळ्या बांधकामांपेक्षा मोठा वाटतो.

त्या हुकुमाने चौदाच्या आसपास गावे नव्याने वसवायची किंवा नीट आखून वाढवायची ठरवली. पेत्रा, सा पोब्ला, ल्युकमाजोर, फेलानित्श, मानाकोर, कांपोस, पोरेरेस, आल्गाइदा, सांतान्यी, सांता मार्गालिदा, सेल्वा, सांत जोआन ही त्यांतली काही नावे. एकेका गावात किती बिऱ्हाडे वसवायची याचाही आकडा ठरला आणि मोठ्या गावांसाठी तो शंभर होता. येणाऱ्या प्रत्येकाला घरासाठी एक क्वार्तो जागा, पेरणीसाठी पाच क्वार्तेरादे जमीन आणि गारिगाची, म्हणजे झुडपांनी भरलेल्या खडकाळ माळाची, दहा क्वार्तेरादे जमीन मिळायची. त्याबदल्यात त्याने घर बांधून गावात राहायचे होते.

हे आकडे वाचून मी वही पुढे ओढली. पाच आणि दहा मिळून पंधरा, त्यात घराचा पाव क्वार्तेरादा, म्हणजे एकूण सव्वापंधरा क्वार्तेरादे. जोवादा सोळाची. एका बिऱ्हाडाला मिळालेली सगळी जमीन जवळजवळ एका बैलजोडीच्या जमिनीएवढी भरते. हा मेळ मुद्दाम साधला होता की नाही, हे हुकुमात लिहिलेले नाही; पण शेतकऱ्याच्या एका घराला किती जमीन पुरते, याचा एकच अंदाज १२३२ च्या वाटणीत आणि १३०० च्या वसाहतीत खालून वाहतो आहे, असे मला वाटते. फरक इतकाच की पहिल्या वेळी जोवादा सरदाराच्या खात्यावर शेकड्यांनी चढत होत्या आणि दुसऱ्या वेळी साधारण एकेक जोवादा एकेका नांगरधाऱ्याच्या दारात उतरली.

दुसरा हिशेब गावठाणाचा. शंभर बिऱ्हाडांना शंभर क्वार्तो लागणार, म्हणजे पंचवीस क्वार्तेरादे, आणि पंचवीस चौरस म्हटले की डोळ्यांसमोर पाच गुणिले पाचची मांडणी आपोआप उभी राहते. एक क्वार्तेरादा म्हणजे घरांचा एक चौक, त्याची बाजू सुमारे चौऱ्याऐंशी मीटर. त्यात चार घरांच्या जागा, प्रत्येक बेचाळीस मीटर लांब आणि तितकीच रुंद, आणि प्रत्येकीला दोन बाजूंनी रस्ता. कोणाची जागा कोपऱ्यावर, कोणाची आत, असा भांडणाचा मुद्दाच या रचनेत उरत नाही, कारण प्रत्येक जागा कोपऱ्यावरचीच असते. ज्या दोरीने शेत मोजले तीच दोरी गावात आणली आणि गाव आखून झाले. त्यासाठी कोणा मोठ्या स्थपतीची गरज नव्हती. सरळ रेषा धरू शकणारा मोजणीदार आणि खुंट्या ठोकणारी चार माणसे पुरेशी होती.

पेत्राच्या आजच्या नकाशात ही जाळी अजून वाचता येते. रस्ते एकमेकांना समांतर जातात, काटकोनात छेदतात, आणि मधले चौक पुष्कळसे चौरस आहेत. सा पोब्लातही सरळ रस्त्यांची जाळी दिसते. बेचाळीस मीटरच्या जागेत पहिल्या पिढीचे घर एका कडेला असणार आणि बाकीच्या भागात गोठा, परसबाग, भाजीचे वाफे असणार; मग मुलांच्या वाटण्या होत गेल्या, परसात घरे उठली, आणि मोकळ्या अंगणांचे गाव भिंतीला भिंत लागलेल्या घरांचे झाले. जागेचे असे तुकडे पडत गेले तरी रस्ता मात्र हलला नाही. सातशे वर्षांत घर कितीदा पाडून बांधले गेले असेल याची गणती नाही, पण सार्वजनिक रस्त्याची रेष हलवायची तर सगळ्या गावाची संमती लागते, आणि ती मिळणे किती कठीण असते हे सांगायला नको.

ही कल्पना राजाच्या डोक्यात आकाशातून पडली नव्हती. दुसऱ्या जाउमेचा जन्म १२४३ मध्ये माँपेलिए येथे झाला होता आणि दक्षिण फ्रान्समध्ये त्या काळात बास्तिद नावाची आखीव गावे भराभर वसत होती. माँपेलिएपासून जवळच फ्रान्सचा राजा नवव्या लुईने एग-मोर्तचे बंदर सरळ रस्त्यांनी आखले होते. दुसऱ्या जाउमेच्या वडिलांनीही वालेन्सियाच्या राज्यात १२७४ मध्ये व्हिला-रेआल हे गाव काटकोनी जाळीत वसवले होते. चौकटीचे गाव ही त्या पिढीच्या राज्यकर्त्यांची एव्हाना हातात बसलेली पद्धत होती. मायोर्कात वेगळे काय, तर एका गावाऐवजी सगळ्या बेटासाठी एकाच हुकुमात, एकाच मापाने, बिऱ्हाडांच्या संख्येपासून माळरानाच्या वाट्यापर्यंत विचार केला गेला. त्याला आज प्रादेशिक नियोजन म्हणतील. विसाव्या शतकात या हुकुमाचा नगररचनेच्या अंगाने अभ्यास करणारा गाब्रिएल आलोमार हा स्वतः वास्तुविशारद होता आणि १९४० च्या दशकात पाल्माच्या जुन्या शहरातून रुंद रस्ते काढण्याची योजनाही त्याचीच. जुन्या गल्ल्या फोडणाऱ्या माणसाला गावे आखणाऱ्या राजाचे आकर्षण वाटावे, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

मात्र कागदावरचे गाव आणि जमिनीवरचे गाव सगळीकडे जुळले, असे कोणी समजू नये. जिथे चर्च, विहीर आणि चार घरे आधीच होती, तिथे नव्या रेषांना जुन्या वाटांशी जमवून घ्यावे लागले. फेलानित्श किंवा सेल्वा यांच्या नकाशात चौरस शोधत बसलो तर डोळे दुखतात. सेल्वा तर उतारावर आहे आणि उतार कोणत्याही हुकुमाला जुमानत नाही. काप्देपेरा येथे समुद्री चाच्यांचे भय इतके होते की तिथे मोकळी जाळी आखण्याऐवजी लोकांना टेकडीवरच्या तटबंदीच्या आत गोळा केले गेले. आल्कुदिया हे दोन उपसागरांच्या मधले ठाणे तटाने वेढण्याचे काम राजाने सुरू केले आणि ते त्याच्या मृत्यूनंतरही कित्येक वर्षे चालू राहिले. बेटाच्या मध्यावरील सिनेउ येथे राजाचा वाडा झाला आणि तिथला बुधवारचा आठवडे बाजार १३०६ च्या परवानगीपासून चालत आला आहे. नवी गावे धान्य पिकवणार, ते विकायला जागा हवी, ती मध्यावर हवी, हा विचार त्यामागे असावा.

खुद्द राजधानीत जाळी आखण्याचा प्रश्नच आला नाही. मदीना मायुर्काची ‘सिउतात’ झाली, मशिदींची चर्चे झाली, पण अरबी शहराच्या वळणावळणाच्या गल्ल्या तशाच राहिल्या. ज्यूंना शहराच्या एका भागात वेगळा, बंदिस्त मोहल्ला देण्यात आला, तोही १३०० च्याच सुमारास. म्हणजे ज्या वर्षी राजा शेतकऱ्यांना सारख्या चौरसांत बसवत होता, त्याच सुमारास तो दुसऱ्या एका समाजाला भिंतीआड बसवत होता. मोजून जागा देणे आणि मोजून जागा बंद करणे ही कामे एकाच दरबारातून निघत होती.

शेजारच्या मिनोर्काची कहाणी याहून कडवट आहे. तिथल्या मुस्लिमांनी १२३१ मध्ये काप्देपेराच्या करारान्वये खंडणी देऊन आपले राज्य टिकवले होते. समोरच्या किनाऱ्यावर रात्री असंख्य शेकोट्या पेटवून प्रचंड सैन्य असल्याचा भास निर्माण करण्याची पहिल्या जाउमेची युक्ती त्याच प्रसंगाची. १२८७ मध्ये मायोर्का हिसकावणाऱ्या थोरल्या शाखेच्या तिसऱ्या आल्फोन्सने मिनोर्का जिंकले आणि तिथल्या बहुतेक लोकांना गुलाम म्हणून विकले. दुसऱ्या जाउमेच्या हाती ते बेट आले तेव्हा त्याच्यापुढे जवळजवळ निर्मनुष्य जमीन होती. १३०१ मध्ये त्याने तिथले परगणे ठरवले आणि १३०४ मध्ये आलायोर हे गाव वसवले.

पेत्राकडे परत येतो, कारण त्या गावाला आणखी एक शेपूट आहे. १७१३ मध्ये तिथे जन्मलेला जुनिपेरो सेर्रा पुढे फ्रान्सिस्कन धर्मगुरू झाला आणि १७६९ पासून त्याने कॅलिफोर्नियात सान दिएगोपासून सुरू करून मिशन वस्त्यांची मालिका उभारली. जिंकलेल्या भूमीवर आखलेल्या गावात वाढलेला माणूस दुसऱ्या जिंकलेल्या भूमीवर वस्त्या आखायला गेला, या योगायोगाचा काही लेखक फार मोठा अर्थ लावतात. मला तो अर्थ ओढूनताणून आणलेला वाटतो, कारण स्पेनच्या राज्यात नव्या वस्त्यांसाठी स्वतंत्र कायदे होते आणि त्यांना पेत्राची गरज नव्हती.

दुसऱ्या जाउमेचे राज्य मात्र टिकले नाही. १३४३ मध्ये थोरल्या शाखेच्या चौथ्या पेरेने मायोर्का घेतले आणि बेटाचा शेवटचा स्वतंत्र राजा, तिसरा जाउमे, १३४९ मध्ये ते परत मिळवण्याच्या लढाईत पडला. ती लढाई ल्युकमाजोर येथे झाली, म्हणजे त्याच्या आजोबांच्या हुकुमातल्याच एका गावाच्या शिवारात.

मोजणीची दोरी अजून गेलेली नाही. मायोर्कात शेतजमिनीचे व्यवहार आजही क्वार्तेराद्यांत बोलले जातात, आणि ग्रामीण भागात नवे घर बांधायचे तर किमान १४,००० चौरस मीटर जागा हवी, हा तिथे वर्षानुवर्षे प्रचलित असलेला आकडा. तो गोल वाटतो आणि दशमान पद्धतीतला वाटतो. पण ७१०३ ची दुप्पट करून पाहावी, उत्तर १४,२०६ येते.